ड्रॉइंगच्या कामाला ऑनलाइन ऑर्डरी: कोल्हापुरातून आठ महिन्यांच्या नोंदी

१० जून २०२४, सोमवार

माझा ट्रेड आयटीआयचा, ड्राफ्ट्समन मेकॅनिकल, दोन वर्षांचा. त्यानंतर सात वर्षं शिवाजी उद्यमनगरातल्या एका पॅटर्न शॉपमध्ये ड्रॉइंग काढली. (पॅटर्न म्हणजे धातू ओतायचा वाळूचा साचा ज्याच्यावरून करतात तो नमुना.) मुलगी झाल्यापासून पूर्ण वेळ जमत नाही. आता आठवड्यातले तीन दिवस, सकाळी चार तास जाते. महिन्याला ९,००० मिळतात. बाकीची कमाई घरून, परदेशी ग्राहकांना ड्रॉइंग आणि ३डी मॉडेल करून देऊन उभी करायची असं ठरवलं आहे. आमच्या ट्रेडच्या अनेक मुलामुलींना हेच करायचं असतं, पण खरा हिशेब कुणी सांगत नाही. म्हणून या नोंदी.

उद्दिष्ट: मार्चपर्यंत महिन्याला २०,००० रुपये हातात, आणि दोन ऑर्डरींमध्ये दहा दिवसांपेक्षा जास्त खंड नाही. दुसरी गोष्ट मला पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते. एकदम मोठं काम येऊन नंतर महिनाभर शुकशुकाट, असं झालं तर घर चालत नाही.

खर्च: जुना पण दणकट कॉम्प्युटर राजारामपुरीतून ३१,००० ला, भिशीच्या पैशातून. दुसरा मॉनिटर ४,५००. सॉफ्टवेअर फ्रीकॅड, कारण ते फुकट आहे आणि धंद्यासाठी वापरायलाही मोकळं आहे. चोरीच्या सॉफ्टवेअरवर ग्राहकाचं काम करायचं नाही, हे आधीच ठरवून टाकलं. ज्यांना महागड्या सॉफ्टवेअरची मूळ फाइलच हवी असते ते ग्राहक त्यामुळे जातील, ते गेले तरी चालतील. मी स्टेप फाइल देणार, ती बहुतेक सगळ्या ३डी सॉफ्टवेअरमध्ये उघडते.

मार्केटप्लेसचं, म्हणजे ज्या वेबसाइटवर ऑर्डरी मिळतात तिचं, नाव लिहीत नाही. माझ्या मार्केटप्लेसवर कमाईतले २० टक्के कापले जातात आणि काम संपल्यावर १४ दिवसांनी पैसे सुटतात. आज पान तयार केलं: ‘२डी ड्रॉइंग, ३डी मॉडेल, फर्निचर, घराचा प्लॅन, थ्रीडी प्रिंटिंगच्या फाइल, सगळं करून मिळेल.’ सुरुवात १० डॉलरपासून.

२४ जून, सोमवार

ऑर्डर शून्य. सहा निरोप आले. त्यातल्या चौघांनी ‘टेलिग्रामवर या’ म्हणून सांगितलं, त्यातल्या एकाने काम द्यायच्या आधी नोंदणीची फी मागितली. ही फसवणूकच. चौघांनाही ब्लॉक केलं. पाचव्याला घराचं इंटिरियर हवं होतं, ते मला येतच नाही. पान लिहिताना मात्र येतं म्हणून लिहून बसले होते.

सहावा खरा वाटला. ‘एक नमुना करून दाखवा, आवडला तर दर महिन्याला वीस कामं देतो.’ शनिवारी रात्री मुलीला झोपवून पाच तास बसले, फ्लँजचं मॉडेल आणि ड्रॉइंग करून पाठवलं. त्यानंतर उत्तर नाही. आज बघितलं तर त्याचं खातंच दिसत नाही.

यापुढे फुकट नमुना नाही. नमुना बघायचा असेल तर आधी केलेलं काम दाखवायचं. पण पॅटर्न शॉपमधली ड्रॉइंग त्यांच्या गिऱ्हाइकांची आहेत, ती मी दाखवू शकत नाही. म्हणून या आठवड्यात घरातल्या आणि शेजारच्या वस्तू व्हर्नियरने मोजून मॉडेल केल्या: सासूबाईंच्या शिवणयंत्राचं चाक, गल्लीतल्या गिरणीचं बेअरिंग हाऊसिंग, पाण्याच्या मोटारीचं झाकण. तीन संध्याकाळी गेल्या, पण या वेळचं चीज झालं. नमुने माझे स्वतःचे आहेत, त्यांच्यावर कुणाचा हक्क नाही.

आणखी एक चूक: पान वर दिसावं म्हणून जाहिरातीत २० डॉलर घातले. रुपयांत साधारण १,६७०. एकही ऑर्डर नाही. पानच धड नसताना जाहिरात करून काय मिळणार?

७ जुलै, रविवार

पहिली ऑर्डर, १० डॉलर. कॅनडातल्या एकाने हाताने काढलेलं दाराच्या बिजागरीचं स्केच पाठवलं होतं. सहा तास लागले, कारण मापं अर्धी इंचात आणि अर्धी मिलिमीटरमध्ये होती आणि विचारायला संकोच वाटला. शेवटी विचारलं तेव्हा त्याने दहा मिनिटांत उत्तर दिलं. २० टक्के कापून ८ डॉलर, म्हणजे साडेसहाशेच्या आसपास. तासाला ११० रुपयेसुद्धा पडले नाहीत. पाच तारे मिळाले, त्याचा आनंद मोठा आहे.

१८ जुलै, गुरुवार

या नोंदीला वेळ देते, कारण ही चूक आपल्याकडचा कुणीही करेल.

ओहायोतल्या ग्राहकाने एका ब्रॅकेटच्या जुन्या ड्रॉइंगचा मोबाइलवर काढलेला फोटो पाठवला. एल आकाराचा ब्रॅकेट, एका अंगाला तीन भोकं, वरच्या बाजूला एक खाच. समोरचं दृश्य, वरचं दृश्य, बाजूचं दृश्य, सगळं स्वच्छ दिसत होतं. चार तासांत मॉडेल करून दिलं. १५ डॉलर. त्याने थ्रीडी प्रिंटरवर तो छापला, मशीनवर लावायला गेला तर भोकं उलट्या बाजूला. त्याने फोटो पाठवला तेव्हा माझ्या लगेच लक्षात आलं आणि पोटात गोळा आला. आरशात दिसावा तसा ब्रॅकेट मी केला होता.

आपण आयटीआयला शिकतो ते फर्स्ट अँगल प्रोजेक्शन. उजवीकडून बघितलेलं दृश्य त्यात डाव्या बाजूला काढतात. अमेरिकेत थर्ड अँगल चालतं, उजवीकडचं दृश्य उजवीकडेच. कुठलं प्रोजेक्शन आहे हे सांगणारी कापलेल्या शंकूची छोटी खूण टायटल ब्लॉकमध्ये (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या माहितीच्या चौकटीत) असते, आणि नेमका तो कोपरा फोटोत कापला गेला होता. सात वर्षं मी फक्त आपल्याकडची ड्रॉइंग बघत आले, हात आपोआप फर्स्ट अँगलने चालला.

माफी मागितली, कारण लपवलं नाही, त्याच रात्री दुरुस्त मॉडेल पाठवलं. त्याने तीन तारे दिले आणि लिहिलं की चूक झाली पण लगेच सुधारली. हे तीन तारे रास्त आहेत.

आता काम घेण्याआधी पूर्ण पानाचा फोटो मागते, चारही कोपऱ्यांसकट. तरी खूण नसेल तर तुटक रेषांवरून ताडून बघायचं: लपलेली कड कुठल्या दृश्यात तुटक आहे यावरून बाजू कळते. आणि काहीही असो, काम अर्धं झाल्यावर मॉडेलची तिरकी चित्रं दोन बाजूंनी पाठवून ‘भोकं याच अंगाला ना?’ असं विचारायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

२६ जुलै, शुक्रवार

चार दिवस पाऊस थांबलेला नाही. पंचगंगेने राजाराम बंधाऱ्याजवळची ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली. आमच्या घरात पाणी नाही, पण नणंदेच्या घरातली माणसं आमच्याकडे आली आहेत. सात माणसं, दोन खोल्या, लाइट कधी येते कधी जाते, नेट बंद. एका ऑर्डरला दोन दिवस उशीर झाला. ग्राहकाने समजून घेतलं आणि ऑर्डर रद्द केली. त्याचाही नाइलाज होता. पण खात्यावर उशिराचा शिक्का बसला तो बसलाच. ऑर्डरी इतक्या कमी असताना एका उशिराने टक्केवारी पार खाली येते.

उपाय: कॉम्प्युटरला यूपीएस ४,२००, राउटरला छोटा बॅकअप १,४००. दुसऱ्या कंपनीचं सिम मोबाइलमध्ये. पण खरा उपाय तारखेत आहे. तीन दिवसांचं काम असेल तर पानावर पाच दिवस लिहायचे आणि तिसऱ्या दिवशी द्यायचं. पावसाळ्यात सहा.

११ ऑगस्ट, रविवार

आज शॉपमधले मामा घरी आले होते. मामा म्हणजे आमचे पॅटर्नमेकर. चाळीस वर्षं लाकडावर हात चाललेला माणूस. मला कामावर शिकवलं ते त्यांनीच. त्यांना माझं काम दाखवलं: एका ग्राहकाचं पंपाच्या झाकणाचं ड्रॉइंग आणि त्यावरून केलेलं मॉडेल. ग्राहक ते ओतवून घेणार होता.

मामांनी चष्मा लावला, मॉडेल माझ्याकडून फिरवून घेतलं, उभ्या भिंतीवर बोट ठेवलं.

“पोरी, ह्यो पॅटर्न वाळूतनं निघायचा कसा?”

“मामा, ड्रॉइंगमध्ये भिंत सरळच आहे.”

“ड्रॉइंगात सरळच असतीया. ओतणाऱ्यानं दीड डिग्री ड्राफ्ट द्यायचा असतोय. आणि हितं मशीनिंग हाय, मग तीन मिलिमीटर माल कुठं ठेवलास? सात वर्सं माझ्याशेजारी बसून हे समदं करत हुतीस की.”

खरंच करत होते. शॉपमध्ये ड्रॉइंग हातात आलं की पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग जुळतात ती रेषा) कुठं घ्यायची, ड्राफ्ट (पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून भिंतीला दिलेला उतार) किती, मशीनिंगला किती माल ठेवायचा, कोअर (आतल्या पोकळीसाठी साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा) कुठं लागेल, कोपरे किती गोल करायचे, हे बघितल्याशिवाय मी पेन्सिल उचलत नव्हते. आणि ऑनलाइन मात्र ‘सगळं करून मिळेल’ म्हणत दहा डॉलरला तेच विकत होते जे जगात लाखभर जण विकतात. जे थोड्यांना येतं ते मी पानावर लिहिलंच नव्हतं, कारण कोल्हापुरात ते इतकं रोजचं आहे की त्याला कुणी वेगळं कसब म्हणत नाही. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, कुठंही जा, फौंड्रीत काम करणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं. पण परदेशात एकटा बसून जुनं मशीन दुरुस्त करणाऱ्या माणसाला ते कुठून माहीत असणार?

मामा चहा पिऊन गेले. मी रात्री दीड वाजेपर्यंत पान नव्याने लिहिलं. फर्निचर, घराचा प्लॅन, सगळं काढून टाकलं. आता एकच सेवा: कास्टिंगसाठी तयार मॉडेल आणि ड्रॉइंग, वाळूच्या साच्यात ओतता येईल असं. किंमत ६० डॉलरपासून. नमुन्यात गिरणीचं बेअरिंग हाऊसिंग, बाजूबाजूला दोन चित्रं: एक साधं मॉडेल, एक ओतण्याजोगं, ड्राफ्ट आणि वाढीव माल वेगळ्या रंगात.

२ सप्टेंबर, सोमवार

पान बघणाऱ्यांची संख्या निम्म्यावर आली. पहिले दहा दिवस घाबरून दोनदा जुनं पान परत आणायला निघाले होते, नवऱ्याने थांबवलं. पण निरोपांची जात बदलली. आता ‘किती घेणार?’ एवढंच विचारणारे कमी झाले. ‘हा भाग ॲल्युमिनियममध्ये ओतायचा आहे, आतल्या पोकळीचं काय करायचं?’ असे प्रश्न येतात. अशा माणसाला उत्तर लिहायला अर्धा तास गेला तरी तो वाया जात नाही.

किंमत सांगण्याआधी मी आता हे विचारते: धातू कुठला, नग किती, पॅटर्न लाकडाचा की प्रिंट केलेला, कुठल्या बाजू मशीन होणार, माप इंचात की मिलिमीटरमध्ये, प्रोजेक्शन कुठलं. उत्तरं आली की किंमत, दिवस, किती वेळा बदल करून मिळेल (दोनदा), आणि काय मिळणार नाही ते लिहून पाठवते. ‘ताकदीचं गणित मी करत नाही’ हे वाक्य प्रत्येक वेळी असतं. कारण ते मला येत नाही, आणि भाग तुटला तर माणसाला लागू शकतं.

ऑगस्टअखेर नव्या पानावरून पहिली ऑर्डर, ६० डॉलर, सात तास.

१६ सप्टेंबर, सोमवार

उद्या विसर्जन, आज काम संपवलं. हे काम मला फार आवडलं, म्हणून लिहिते.

इंग्लंडमधले एक निवृत्त गृहस्थ जुनी स्टेशनरी, म्हणजे एका जागी बसवून चालवायची, इंजिनं दुरुस्त करतात, तिकडे तो मोठा छंद आहे. एका इंजिनाचा पंप बसवायचा कंस तुटला होता. ड्रॉइंग नाही, तुटलेले दोन तुकडे आणि मोजपट्टी शेजारी ठेवून काढलेले अकरा फोटो. मी पहिल्यांदा आटे मेट्रिक धरले, जुळेनात. अमेरिकन इंची धरले, तरी जुळेनात. फोटो मामांना पाठवला. मामांचा फोन: “व्हिटवर्थ हाय त्यो. पंचावन्न डिग्रीचा. आपल्या जुन्या ऑइल इंजिनास्नी ह्योच असायचा.” व्हिटवर्थ म्हणजे जुने ब्रिटिश आटे. मेट्रिक आणि अमेरिकन आट्यांचा कोन ६० अंश, व्हिटवर्थचा ५५. कोष्टक काढून आट्यांची संख्या मोजली, तंतोतंत बसलं.

त्या गृहस्थांना कळवलं तेव्हा त्यांनी विचारलं, भारतात बसून हे तुम्हाला कसं ठाऊक? मी लिहिलं की आमच्या गावात एकेकाळी गल्लीगल्लीत ऑइल इंजिनं तयार व्हायची, आणि ती बनवणारे हात अजून आहेत. ८० डॉलरची ऑर्डर, वर १० डॉलर बक्षीस. बक्षिसातलेही २० टक्के कापले जातात, हे आज कळलं.

मामांना पाचशे रुपये द्यायला गेले तर घेईनात. शेवटी पुढच्या प्रत्येक सल्ल्याचे पैसे ठरवले, ऑर्डरच्या दहा टक्के. फुकट सल्ल्यावर धंदा उभा करायचा नाही, मग तो मामांचा का असेना.

१४ ऑक्टोबर, सोमवार

दसरा झाला. या महिन्यातली सगळ्यात मोठी चूक, आणि तीही त्याच इंग्लंडच्या गृहस्थांच्या दुसऱ्या कामात.

ओतलेला धातू थंड होताना आकसतो. ग्रे कास्ट आयर्नला साधारण एक टक्का, ॲल्युमिनियमला १.३ च्या आसपास, स्टीलला दोन. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. मी सवयीप्रमाणे मॉडेल एक टक्क्याने मोठं करून दिलं. ते काम बिडाचं, म्हणजे कास्ट आयर्नचं होतं. फाइलच्या नावात काही लिहिलं नाही, निरोपातही नाही. त्यांनीही त्यांच्या सवयीप्रमाणे प्रिंट करताना १०१ टक्के केलं. आकस दोनदा धरला गेला. पॅटर्न प्रिंट झाला, फौंड्रीत ओतला गेला, कास्टिंग हातात आल्यावर दोन भोकांमधलं अंतर १८० ऐवजी १८१.८ मिलिमीटर. १.८ मिलिमीटर चुकलं तर बोल्ट जाणारच नाही.

त्यांनी रागाने लिहिलं नव्हतं, फक्त व्हर्नियर लावलेला फोटो पाठवला होता. तो फोटो मी बराच वेळ बघत बसले. चूक निम्मी माझी आणि निम्मी त्यांची, असं म्हणता आलं असतं. पण फाइलमध्ये काय आहे ते सांगणं माझं काम होतं. तसंच लिहिलं, ७० डॉलरमधले ३५ परत केले, आणि दुरुस्त फाइल विनामूल्य दिली. सगळे मिळून अकरा तास आणि निम्मे पैसे गेले.

त्या दिवसापासून प्रत्येक कामात दोन फाइली जातात. एकीच्या नावात ‘अंतिम माप, आकस धरलेला नाही’, दुसरीच्या नावात ‘पॅटर्न माप, आकस १ टक्का धरलेला आहे, पुन्हा मोठं करू नका’. ड्रॉइंगवरही तेच ठळक अक्षरात, आणि शेजारी एक तपासायचं माप: ‘पॅटर्न प्रिंट झाल्यावर या दोन भोकांमधलं अंतर १८१.८ आलं पाहिजे, ओतल्यावर ते आकसून १८० होईल.’ या शेवटच्या ओळीचा फायदा सगळ्यात जास्त झाला आहे, कारण धातू ओतण्याआधीच चूक पकडता येते.

४ नोव्हेंबर, सोमवार

छोटी नोंद. २७ ऑक्टोबरला इंग्लंडचं आणि काल अमेरिकेचं घड्याळ एक तास मागे गेलं. न्यूयॉर्कशी आपला फरक साडेनऊ तासांचा साडेदहा झाला. मला माहीत नव्हतं, आज एका ग्राहकाशी ठरलेल्या वेळेला मी तासभर आधी येऊन बसले आणि तो येत नाही म्हणून निघून गेले. त्याने परत वेळ दिली. भिंतीवर आता दोन घड्याळं लावली आहेत. उत्तरं द्यायची वेळ पहाटे सहा ते साडेसात आणि रात्री साडेआठ ते साडेदहा. मधे मोबाइल बघायचा नाही, नाहीतर ना घर नीट होतं ना काम.

दिवाळीचे चार दिवस पानावर सुट्टी लावली होती. सुट्टीच्या आधी चालू ग्राहकांना स्वतःहून कळवलं. एकही ऑर्डर गेली नाही.

इंग्लंडचे गृहस्थ परत आले. त्यांच्यासोबत त्यांच्या छंदाच्या मंडळातले आणखी दोघे. मी पैसे परत केल्याचं त्यांनीच त्या दोघांना सांगितलं होतं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

फ्रीकॅडची १.० आवृत्ती या महिन्यात आली. जुन्या आवृत्तीत मूळ स्केच बदललं की पुढची गोलाई भलत्याच कडेवर जाऊन बसायची, मॉडेल लाल व्हायचं, तासन्‌तास जायचे. नव्या आवृत्तीत हा त्रास बराच कमी झाला आहे. पण मी उत्साहाच्या भरात चालू ऑर्डरच्या मध्यावर नवीन आवृत्ती घातली, फाइल तिच्यात साठवली, आणि एक गोष्ट जमेना म्हणून जुन्या आवृत्तीत परत उघडायला गेले तर फाइल नीट उघडेना. चार तासांचं काम पुन्हा केलं. चालू कामात हत्यार बदलू नये, आणि रोज रात्री स्टेप फाइल काढून पेनड्राइव्हवर ठेवावी.

नोव्हेंबरमध्ये चार ऑर्डरी. त्यातल्या तीन जुन्या किंवा जुन्यांनी पाठवलेल्या ग्राहकांच्या.

१५ डिसेंबर, रविवार

जुलैपासूनच्या सगळ्या ऑर्डरी वहीत एका पानावर मांडल्या. नव्या ग्राहकाकडून एक ऑर्डर मिळवायला मला सरासरी सहा निरोप आणि तीन-चार तास बोलण्यात घालवावे लागले. जुन्याकडून दुसरी ऑर्डर यायला वीस मिनिटं. तरीसुद्धा मी रोज नव्या ग्राहकांच्या मागे धावत होते, काम दिलेल्यांना कधी परत लिहिलंच नव्हतं.

आता काम दिल्यानंतर तीन आठवड्यांनी एक निरोप: ‘कास्टिंग कसं आलं? ड्राफ्ट पुरला का? कुठं वाळू चिकटली का?’ काम मागत नाही. मला खरोखर जाणून घ्यायचं असतं, कारण शॉपमध्ये पॅटर्नचं काय झालं ते संध्याकाळपर्यंत कळायचं, इथं कळतच नाही. आठ जणांना लिहिलं. पाच जणांनी उत्तर दिलं, दोघांनी फोटो पाठवले, तिघांनी पुढचं काम दिलं. एकाच्या फोटोत एका कोपऱ्यात भेग दिसली. तिथं जाड आणि पातळ भिंत एकदम जुळत होती, मी गोलाई कमी ठेवली होती. पुढच्या कामात ती वाढवली. मामा म्हणाले, ही तक्रार त्याने केलीच नसती, विचारलंस म्हणून कळलं.

पेनसिल्व्हेनियातल्या एका छोट्या वर्कशॉपला महिन्याला दोन-तीन भाग लागतात. त्यांना लेखी ठराव दिला: महिन्याला दोन भाग, १५० डॉलर, दर महिन्याच्या पाच तारखेला त्यांनी फोटो पाठवायचे, पंधरा तारखेला मी फाइली. डिसेंबरपासून सुरू. दहा दिवसांचा खंड मोडायचा माझा जो प्रश्न होता त्याला पहिला आधार हा.

याच महिन्यात एका दुसऱ्या ग्राहकाने सुचवलं, बाहेरून थेट पैसे पाठवतो, तुमचे २० टक्के वाचतील. मोह झाला. सगळ्याच ग्राहकांशी असं केलं तर महिन्याला पाच हजार, म्हणजे मुलीची शाळेची फी. पण नियमात ते बसत नाही, खातं बंद होऊ शकतं, आणि सहा महिन्यांचे अभिप्राय त्या खात्यावर आहेत. नाही म्हणून कळवलं. ग्राहक गेला नाही.

१२ जानेवारी २०२५, रविवार

पैशांची व्यवस्था. सुरुवातीला मी मार्केटप्लेसवरची रक्कम, बँकेत आलेली रक्कम आणि तारीख, तिन्ही एकत्र लिहीत नव्हते. सीएकडे गेले तेव्हा दोन दिवस जुळवण्यात गेले. आता प्रत्येक ऑर्डरला एक ओळ: पूर्ण रक्कम डॉलरमध्ये, कपात, बँकेत आलेले रुपये, तारीख. परदेशातून पैसे आल्याचा दाखला प्रत्येक वेळी उतरवून ठेवायचा, नंतर मागत बसायला लागत नाही. जीएसटीची सेवांसाठीची २० लाखांची मर्यादा माझ्यापासून फार लांब आहे, पण आयकराचं विवरण भरायचं आहे, आणि त्यासाठी ही वही लागणार. सीएची फी २,५००.

९ फेब्रुवारी, रविवार

आतापर्यंतचा हिशेब, कपातीच्या आधीचे डॉलर: जून ०, जुलै २५, ऑगस्ट ६०, सप्टेंबर १९०, ऑक्टोबर ९५, नोव्हेंबर २७५, डिसेंबर ३४०, जानेवारी ३९०. जानेवारीच्या ३९० मधून कपात जाऊन ३१२ उरले, त्यातले बँकेत साधारण २६,००० आले किंवा येत आहेत, कारण शेवटच्या दोन ऑर्डरींचे १४ दिवस अजून झालेले नाहीत. मामांचा वाटा १,४००. घातलेले पैसे सीएची फी धरून ४५,२७०, ते डिसेंबरअखेरच्या कमाईत भरून निघाले. डिसेंबरपासून दोन ऑर्डरींमधला सगळ्यात मोठा खंड सात दिवसांचा.

जानेवारीतल्या पाच ऑर्डरींमध्ये नवा ग्राहक एकच. हे चांगलं की वाईट, यावर विचार चालू आहे. वर्कशॉपने ठराव थांबवला तर एकदम १५० डॉलरचा खड्डा पडेल. म्हणून महिन्याला किमान एक नवा ग्राहक घ्यायचाच, त्याच्यासाठी आठवड्याला तीन तास बाजूला ठेवायचे, जुन्यांची कामं कितीही असली तरी.

सध्या हातात दोन कामं आहेत. एक सोपं, बेअरिंगची टोपी. दुसरं अवघड: पाण्याच्या पंपाचा इंपेलर (पाणी फेकणारं चाक), आत वळणारी पाती, दोन भागांची कोअर पेटी (कोअर घडवायचा साचा) लागणार. दिवस मुद्दाम नऊ मागून घेतले आहेत. कोअर प्रिंटची, म्हणजे कोअर साच्यात जिथं टेकते त्या टोकाची, लांबी किती ठेवायची यावर माझं आणि मामांचं एकमत झालेलं नाही. मी म्हणते १८ मिलिमीटर पुरे, ते म्हणतात कोअर जड आहे, पंचवीसच्या खाली टिकणार नाही. उद्या सोमवार, शॉपला सुट्टी आहे. मामा लाकडाचा तुकडा आणि जुनी कोअर पेटी घेऊन सकाळी दहाला येणार आहेत.